फुटबॉलच्या मैदानात लव्हाळा शिरलाय : मृगाच्या आधी काय काय करून घ्यावं?

हिरवं_मैदान (७ मे)

नमस्कार मंडळी.

आमच्या मंडळाकडे एका शाळेचं मैदान देखभालीला आहे. कोल्हापुरात फुलेवाडीच्या बाजूला, ९० बाय ५५ मीटर, म्हणजे साधारण ४९ गुंठे. खाली काळी माती. सामने संपले आणि आता मैदानाकडे बघवत नाही. दोन्ही गोलच्या तोंडाला आणि मधल्या वर्तुळात हरळीची (दूर्वांच्या गवताची) काडी शिल्लक नाही, जमीन पायाला फरशीसारखी लागते. कडेनं गाजरगवत, कंबरमोडी आणि केना. पण खरं दुखणं लव्हाळ्याचं.

तो आला कुठून ते सांगतो, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या मैदानात तरी तसं होऊ नये. दोन वर्षांपूर्वी उत्तरेच्या कोपऱ्यातला खोलगट भाग भरायला एका ठेकेदाराने तळ्यातला गाळ दिला. टिपरच्या दोन खेपा, फुकट. आम्ही तो पसरला, पाणी मारलं, रोलर फिरवला. मृगाचा पाऊस पडला आणि आठ दिवसांत तेवढ्याच चौकोनातून चकचकीत, टोकदार कोंब वर आले. सगळ्यांना वाटलं गवत छान धरलं. तो सगळा लव्हाळा होता. आता त्या तीन गुंठ्यांतून निघून तो विरळ विरळ मधल्या रेषेपर्यंत पोचलाय.

गेल्या वर्षी एका औषध दुकानात विचारलं. "हे मारा, सगळं तण जातं" असं सांगून त्यांनी बाटली दिली. मारलं. पंधरा दिवसांत हरळी वाळून कोळ झाली. महिन्याभरात त्या मोकळ्या जागेत लव्हाळाच परत उभा राहिला, आधीपेक्षा दाट. पोरं सरावाला आली की त्या पिवळ्या पट्ट्याकडे बघायची आणि मला उत्तर सुचायचं नाही.

यंदा घाई करायची नाही, नीट समजून करायचं असं ठरवलंय. पावसाला महिना आहे. मैदानावर किंवा शेतात ज्यांनी हे हाताळलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

पेठेतला_विंगर (७ मे)

भावा, आमच्या ग्राउंडवर पण हेच हाय. आम्ही उपटून काढतो, चार दिवसांत परत डोकं वर. धागा फॉलो करतोय.

ऊसकरी_करवीर (८ मे)

उपटून कधीच जात नाही. मी ऊसवाला आहे, लव्हाळ्याशी माझी तीस वर्षांची ओळख आहे.

एक रोप ओढून बघा. काडी हातात येते आणि गाठ जमिनीत राहते. हळू खुरपं घालून वीतभर खोल काढलं तर दिसेल, काळसर गाठ, तिच्यातून दोऱ्यासारखं मूळ निघालंय आणि त्याला पुढची गाठ. माळेसारख्या ओवलेल्या असतात. वरची गाठ जिवंत आहे तोवर खालच्या गप्प पडून राहतात. वरची तोडली की खालच्या जाग्या होतात. म्हणून अर्धवट उपटलं की एकाची चार होतात.

याला मारायला मे महिन्याचं ऊन आहे. गाठीला थंडी-पाण्याचं काही वाटत नाही, पण ती वाळली की मेली. आम्ही उन्हाळी नांगरट करून रान तापू देतो ते त्याचसाठी. तुमच्या तीन गुंठ्यांत तेच करा. एकदा पाणी द्या, वापसा आला (माती ओलसर पण चिकटणार नाही अशी झाली) की कुदळीने वीतभर खोल उलथा, ढेकळं तशीच ठेवा. दर चार दिवसांनी खालीवर करा आणि दिसतील त्या गाठी वेचा. वेचलेल्या गाठी उकिरड्यावर टाकू नका, त्या शेणखतातून परत येतात. पसरून कडक वाळवा आणि जाळा.

वळीव पडला तर वाईट वाटून घेऊ नका. राहिलेल्या गाठींना कोंब येतील, म्हणजे त्या कुठे आहेत ते आपोआप कळेल. कोंब आल्यापासून तीन आठवड्यांच्या आत काढा, त्यानंतर तो नव्या गाठी धरायला लागतो.

आणि एक सांगू का? आम्ही उसातून हरळी काढून काढून थकलो आणि तुम्ही तिच्यासाठी तळमळताय. बांधावर ढीगभर आहे. घेऊन जा.

जुना_माळी (९ मे)

ऊसकरी यांनी नेमकं सांगितलंय. मी पुण्यातल्या एका गोल्फ कोर्सवर अकरा वर्षं गवताचं काम केलं, आता कोल्हापुरात घरी असतो. थोडं सविस्तर लिहितो, कारण मैदानाच्या गवताबद्दल आपल्याकडे बोलणारं कुणी भेटत नाही.

गोल्फ कोर्सवरचं गवत बहुतेक ठिकाणी आपली हरळीच असते, निवडलेल्या बुटक्या जातींची. ग्रीनवर, म्हणजे जिथे चेंडू भोकात ढकलतात तिथे, ती रोज ३-४ मिलिमीटरवर कापतात. एवढी बारीक कापूनही तिथे तण का दिसत नाही? औषधामुळे, असं लोकांना वाटतं. खरं कारण हे की हरळी इतकी दाट विणलेली असते की तणाच्या बीला मातीवर ऊनच मिळत नाही. ग्रीनखाली माती नसते, वाळू असते. अमेरिकेच्या गोल्फ असोसिएशनने १९६० मध्ये त्याची पद्धत ठरवून दिली : साधारण ३० सेंटिमीटर वाळूचा थर आणि त्याखाली खडी. पाणी झरझर उतरतं, पायाने जमीन दबत नाही.

तुमच्याकडे काळी माती आहे आणि वर बावीस पोरांचे स्टड. गोलच्या तोंडाशी हरळी मेली ती तुडवल्याने, आणि परत आली नाही ती जमीन दबल्याने. मुळाला हवाच नाही. अशा दबलेल्या जागेत केना, दुधी, नाचणीसारखं दिसणारं ते चिवट चपटं गवत, हीच मंडळी येतात, कारण त्यांना तिथे जगता येतं. हरळीला जगता येत नाही. म्हणून तण बघून आधी जमिनीला हात लावा, औषधाला नंतर.

काम क्रमाने सांगतो. वळवाचे एक-दोन पाऊस झाले की काळ्या मातीला वापसा येतो. तो दोन-तीन दिवसच टिकतो, तेवढ्यात भोकं पाडायची. नुसत्या खिळ्यांच्या रोलरने नाही. खिळा माती बाजूला दाबतो आणि भोकाच्या भिंती आणखी टणक करतो. पोकळ नळी हवी, मातीची कांडी बाहेर काढणारी. आठ सेंटिमीटर खोल, दहा-दहा सेंटिमीटरवर. कांड्या झाडून गोळा करायच्या आणि भोकांत धुतलेली वाळू झाडूने सारायची. वाळू मातीत कालवायची नाही. काळ्या मातीत थोडी वाळू मिसळली की वाळल्यावर तिची वीट होते. भोकात आणि वर, एवढीच तिची जागा. आणि क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) घेणार असाल तर धुतलेलीच घ्या, भुकटी असलेली नको, ती पाण्याच्या वाटा बुजवते.

गोलची दोन तोंडं आणि मधलं वर्तुळ मिळून ६०० चौरस मीटर धरा. त्यावर अर्धा सेंटिमीटर थर आणि भोकं भरायची मिळून दीड ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) वाळू पुरते.

राहिली गेल्या वर्षीची बाटली. तुमच्या वर्णनावरून ते ग्लायफोसेट असावं. ते हिरवं दिसेल ते मारतं, हरळी आणि लव्हाळा यांत भेद करत नाही. शिवाय केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रण करणाऱ्यांपुरता मर्यादित केला. शाळेच्या मैदानावर ते आपल्या हाताने मारायचा विषयच नको.

उद्यमनगरकर (९ मे)

पोकळ नळीचं मी बघतो. १६ मिलिमीटर आतल्या व्यासाचा जाड भिंतीचा सीमलेस पाइप घ्यायचा, टोक आतून तिरकं घासून धार लावायची, वरच्या अंगाला खिडकी कापायची म्हणजे कांडी वरून बाहेर पडेल. चार नळ्या एका पट्टीवर वेल्ड, वर पाय द्यायला आडवी पट्टी आणि दोन मुठी. खोऱ्यासारखं वापरायचं.

हिशेब केला. ६०० चौरस मीटरला ६०,००० भोकं, एका दाबाला चार, म्हणजे १५,००० वेळा पाय मारायचा. पंधरा पोरं असतील तर प्रत्येकी हजार, चार सकाळी विभागून. चार खोरी करून देतो. साहित्याचे पैसे द्या, मजुरी माझी मैदानाला.

हिरवं_मैदान (९ मे)

दादा, काय बोलू. पोरं मी देतो.

बावड्याची_लेक (११ मे)

माझा मुलगा अशाच एका मैदानावर सरावाला जातो. औषध मारलं तर मुलांनी किती दिवस जायचं नाही? लहान मुलं गवतात लोळतात, बाटलीतलं पाणी खाली सांडतं, तेच हात तोंडात जातात.

अजून एक. गणपतीच्या आधी आमच्या भागातल्या फुलवाल्या मावशी मैदानातूनच दूर्वा खुडून नेतात. एकवीस-एकवीसच्या जुड्या बांधतात. ती जुडी घरोघरी देव्हाऱ्यात जाते, नैवेद्याच्या ताटाशेजारी ठेवली जाते. याचा विचार कुणी करतं का?

जुना_माळी (११ मे)

ताई, अकरा वर्षांत हा दूर्वांचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता, कारण गोल्फ कोर्सला कुंपण असतं. तुम्ही फार मोलाचं सांगितलंत.

माझं मत असं : गवत भरून यायला मैदान जून ते सप्टेंबर बंद ठेवायचं, आणि फवारणी करायचीच झाली तर ते बंद असतानाच करायची, म्हणजे जुलैत. लेबलवर लिहिलेली मुदत पाळायची आणि वर दोन आठवडे कुणालाही आत सोडायचं नाही. फाटकावर मराठीत मोठ्या अक्षरांत पाटी लावायची : कोणत्या तारखेला काय मारलं, दूर्वा तोडू नयेत. मावशींना तोंडी सांगायचं. आणि मैदानाचा एक पट्टा कायमचा बिनऔषधाचा राखायचा, त्यांना तिथून दूर्वा नेऊ द्यायच्या.

आता लव्हाळ्याच्या औषधाबद्दल. खणून तीन गुंठे साफ होतील, पण मधल्या रेषेपर्यंत जो विरळ पसरलाय तिथे खणलं तर हरळी जाईल. तिथे हॅलोसल्फ्युरॉन कामाचं आहे. ते लव्हाळ्याच्या गाठीपर्यंत उतरतं आणि हरळी ते सोसते, परदेशात हरळीच्या मैदानांवर वापरतात. आपल्याकडे त्याचं लेबल उसासारख्या पिकांसाठीचं आहे. म्हणून आधी आपल्या कृषी महाविद्यालयात तणांचा विषय बघणाऱ्यांना मैदान दाखवा, त्यांनी हो म्हटलं तर एका कोपऱ्यात वीस-पंचवीस चौरस मीटरवर करून बघा, मगच पुढे जा.

ऊसकरी_करवीर (१२ मे)

उसात आम्ही ते एकरी ३६ ग्रॅम टाकतो. म्हणजे गुंठ्याला एक ग्रॅमसुद्धा नाही. तुम्हाला अंदाजपंचे चमच्याने टाकायची सवय असेल तर आधी ती मोडा, लहान काटा आणा आणि तो याच कामाला ठेवा. मारल्यावर आठ दिवस काहीच दिसत नाही, लोक घाबरून परत मारतात. तसं करू नका. दोन-तीन आठवड्यांनी पिवळा पडत जातो.

कडेच्या रुंद पानांच्या तणासाठी कुणी २,४-डी सुचवेल. आजूबाजूला भाजीपाला, द्राक्ष, पपई काही असेल तर हातही लावू नका. वाऱ्याने उडालेला तुषार शेजाऱ्याचं टोमॅटोचं पीक वाकडं करतो, आणि मग भांडण पिढ्यान् पिढ्या चालतं. गाजरगवत फुलायच्या आधी मुळासकट उपटा, हातमोजे घालून. अंगाला खाज सुटते आणि काहींना दमही लागतो. आमच्याकडे पावसाळ्यात त्याच्यावर पट्ट्यापट्ट्यांचा छोटा भुंगा दिसतो, मेक्सिकोतून १९८४ च्या सुमारास मुद्दाम आणलेला. तो फक्त गाजरगवत खातो. दिसला तर त्याला मारू नका.

आणि हुमणीकडे, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीकडे, लक्ष ठेवा. पहिला वळीव झाला की संध्याकाळी भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीवर बसतात. मैदानाकडेला झाडं असतील तर रात्री आठ-नऊला फांद्या हलवा, खाली पडलेले वेचून रॉकेलच्या पाण्यात टाका. तीच त्यांची अंडी घालायची वेळ. नाहीतर ऑगस्टमध्ये हरळी चटईसारखी गुंडाळून हातात येईल, खाली मुळंच नसतील.

पेठेतला_विंगर (१३ मे)

सगळं पटलं, पण एक विचारतो, राग नको. मैदान जून ते सप्टेंबर बंद ठेवायचं म्हणताय. पावसात चिखलात खेळायची मजा पोरांना वर्षभर आठवते. आम्ही तसंच शिकलो. बंद केलं तर पोरं जाणार कुठं? रस्त्यावर? मोबाइलवर?

जुना_माळी (१३ मे)

प्रश्न रास्त आहे, राग कशाला.

हरळीचा जोर पाहा. ऊन आणि ओल दोन्ही असेल तेव्हा ती धावते, म्हणजे जून ते ऑक्टोबर. थंडीत कोल्हापुरात ती दिल्लीसारखी पूर्ण झोपत नाही, पण पहाटे पारा १५ च्या आसपास आला की मंदावते. आणि आपले सामने नेमके थंडीत आणि उन्हाळ्यात. ती वाढत नाही तेव्हा आपण तिला तुडवतो. पावसाळ्यातही तुडवलं तर तिला भरून यायला वर्षातला एकही महिना उरत नाही. ओल्या काळ्या मातीवर एका तासाचा सामना झाला तर पुढे वर्षभर त्या ठशांत पाणी साचतं.

पण पूर्ण बंद करा असं मी म्हणत नाही. एक कडेचा पट्टा, २० मीटर रुंद, पोरांना द्या. लहान हलवता येणारे गोल ठेवा, दर आठवड्याला जागा बदला. मोठं मैदान मृगापासून गणपतीपर्यंत मोकळं सोडा. पोरांच्या हातात खोरं द्या, वाळू सारायला द्या. ज्याने स्वतः भोकं पाडलीत तो त्यावर स्टड घालून धावणार नाही.

पेठेतला_विंगर (१३ मे)

पट्टा चालेल काका. हे पटलं.

पंचगंगाकाठ (१६ मे)

आमचं मैदान नदीच्या अंगाला आहे. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांच्या धोका पातळीवर गेलं की आमच्याकडे येतंच. २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा मैदान बुडालं. अनुभव सांगतो : हरळी पाण्याखाली बरेच दिवस तग धरते, पण वर बसलेला गाळ तिला मारतो. २०१९ ला आम्ही गाळ वाळू दिला, त्याची पापडी झाली, खाली सगळं कुजलं. २०२१ ला पाणी उतरताच, गाळ ओला असतानाच, लाकडी फळ्यांनी ओढून काढला आणि राहिलेला पाइपने धुतला. हरळी वर आली. त्याच गाळातून लव्हाळा आणि माठही आला, पण तो लहानपणीच वेचता आला.

हिरवं_मैदान (२२ जून)

अपडेट देतो.

तीन गुंठे मे महिन्यात दोनदा उलथले. पोरांनी बादलीने गाठी वेचल्या. एक गाठ चाकूने कापून बघितली : आत पांढरी, आणि वास अगदी दिवाळीच्या उटण्यातल्या नागरमोथ्याचा. ज्या वासाने आपली पहाट सुरू होते तोच जमिनीखाली एवढा हट्टी असेल असं वाटलं नव्हतं.

२ जूनला वळीव झाला. ४ आणि ५ जूनला वापसा होता, त्या दोन दिवसांत पोरांनी भोकं पाडली. सगळी नाही, गोलची दोन्ही तोंडं पूर्ण, वर्तुळ अर्धं. मातीची कांडी हातात घेतली तर वरचे तीन सेंटिमीटर दगड आणि त्याखाली मऊ काळी माती. हरळीची मुळं त्या तीन सेंटिमीटरपाशी येऊन आडवी वळलेली दिसत होती. उद्यमनगरकर दादांचं खोरं एकदाही वाकलं नाही.

ऊसकरी काकांच्या बांधावरून आठ पोती हरळी आणली.

जुना_माळी (२२ जून)

लावायच्या आधी बादलीत मुळं धुवा. बांधावरच्या हरळीत लव्हाळ्याची गाठ अडकलेली असतेच. काडी बोटांत फिरवून पाहा. लव्हाळ्याची काडी तीन धारांची असते, बोटाला कडा लागतात. हरळीची गोल फिरते.

धुतलेल्या काड्या वीतभर अंतरावर लावा, काडीवरच्या दोन गाठी मातीत आणि एक वर. जिथे लावताय तिथे पेंडिमिथॅलिनसारखं बी रोखणारं औषध अजिबात नको, ते नव्या काडीला मूळच धरू देत नाही.

युरिया जुलैत अर्धं पोतं, ऑगस्टअखेरीला अर्धं. ४५ किलोचं एक पोतं ४९ गुंठ्यांना म्हणजे चौरस मीटरला चार ग्रॅमच्या वर थोडं नत्र होतं, पुरे आहे. मुसळधार पावसाच्या तोंडावर टाकलंत तर ओढ्याला जाईल, भुरभुर असताना टाका. कापणी ३० मिलिमीटरवर, आणि गवत ४५ झालं की कापायचंच. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कधी घ्यायचं नाही. आधी मैदानाचा मधला भाग कापा आणि कड शेवटी, नाहीतर कडेचं तणाचं बी यंत्रच आत नेऊन पेरतं.

हिरवं_मैदान (१८ ऑगस्ट)

कृषी महाविद्यालयातून एक सर येऊन पाहून गेले. त्यांच्या सांगण्यावरून कोपऱ्यात चाचणी घेतली, मग १२ जुलैला फक्त लव्हाळ्याच्या ठिपक्यांवर फवारणी. तीन आठवड्यांनी पिवळा पडला. हरळीला काही झालं नाही. कापणीनंतर दोन दिवसांनी मैदानात आडवं पडून पाहिलं की राहिलेला लव्हाळा हरळीच्या वर बोटभर उभा दिसतो, ते मोजता येतात. जूनमध्ये मोजायची सोय नव्हती. आता उत्तरेकडे चाळीसेक आहेत, ते खुरप्याने काढतोय.

मध्ये पश्चिमेकडे कोवळी पानं पिवळी पडली होती, शिरा हिरव्या. माळीकाकांना फोटो पाठवला, त्यांनी लोह कमी म्हणून सांगितलं. हिराकस (लोहाचा क्षार) लिटरला पाच ग्रॅम फवारली, आठवड्यात रंग आला.

दक्षिणेचा पट्टा बिनऔषधाचा ठेवलाय. पाटी लावली. तरीही दोन मावशी सकाळी सहाला फवारलेल्या बाजूला दिसल्या. त्यांना घेऊन दक्षिणेला गेलो. तिथली हरळी कोवळी आहे म्हणाल्या.

बावड्याची_लेक (१८ ऑगस्ट)

हे वाचून फार बरं वाटलं. मनापासून धन्यवाद.

हिरवं_मैदान (३० नोव्हेंबर)

काल पहिला सामना झाला. गोलच्या तोंडाला हरळी आहे, अजून पातळ, पण आहे. गोलरक्षक पोरगा झेप घेऊन पडला आणि उठला तेव्हा त्याच्या कोपराला माती नव्हती, हिरवा डाग होता.

नळाजवळच्या कोपऱ्यात लव्हाळा आहेच. तिथे पाणी गळतं, आधी नळ बदलतोय. सरळ रेषेने धावणारे जिथून वळतात ती कॉर्नरजवळची जागा खाली गेलीय, पुढच्या मेमध्ये वाळू तिथेही लागेल. उन्हाळ्यात पाण्याचं बघावं लागेल, एक मिलिमीटर म्हणजे जवळपास ५,००० लिटर, रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा भरपूर द्यायचं ठरलंय.

पेठेतला_विंगर (३० नोव्हेंबर)

दादा, आम्हाला पुढच्या पावसात लावायला हरळी देता का? आणि खोरी?

हिरवं_मैदान (१ डिसेंबर)

जूनमध्ये या, दक्षिणेच्या पट्ट्यातली देतो. पोती घेऊन सकाळी सातच्या आत या, आणि धुवायला दोन बादल्या आणा. खोरी चार आहेत, दोन तुमच्याकडे ठेवा.